तोतया की मुतालिक? : ‘साराटोगा’ या चित्रपटाची हकिकत

नवी दिल्लीतील ज्या मार्गाचे नाव पंतप्रधानांच्या निवासस्थानामुळे देशभर सर्वतोमुखी झाले, त्याला २०१६ सालापर्यंत रेसकोर्स रोड असे म्हणत. त्या वर्षी त्याचे नामकरण लोककल्याण मार्ग असे झाले. पाटी बदलली, परंतु ज्या घोड्यांवरून मूळचे नाव पडले होते ते जुन्या मंडळींच्या बोलण्यातून काही लवकर हटले नाहीत. आमच्या वसाहतीतील एक निवृत्त गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, ते आजही रिक्षावाल्याला जुनेच नाव सांगतात आणि मग त्याच्याशी वाद घालीत बसतात. नाव आणि वस्तू यांची फारकत झाली म्हणजे माणसाचा थोडासा गोंधळ होतो, हे यावरून दिसतेच. प्रस्तुत लेखाचा विषयही एका अर्थी हाच आहे.

गेल्या पौषातील एका रविवारी या काकांच्या घरी आम्ही पाच-सहा मराठी सरकारी नोकर जमलो होतो. बाहेर दिल्लीचे दाट धुके, आत विजेची शेगडी आणि परातभर भाजलेल्या शेंगा. वेळ घालवावयास म्हणून काकांनी पडद्यावर एक जुना अमेरिकन बोलपट लावला. नाव ‘साराटोगा’, साल १९३७, विषय घोड्यांच्या शर्यती आणि त्यांच्या आडून चालणारे प्रेम. आमच्यापैकी एकास इतकेच ठाऊक होते की, या चित्रपटाची नायिका जीन हार्लो ही काम पुरे होण्याआधीच निवर्तली आणि उरलेली दृश्ये दुसऱ्याच एका स्त्रीला उभी करून पुरी करण्यात आली. झाले! शर्यतीचा चित्रपट आणि पैज नाही, हे कसे चालावे? नायिका कोठे खरी आणि कोठे खोटी, हे जो आधी ओळखील त्याला मूठभर शेंगा, असे ठरले. दीड तास आम्ही त्या मृत स्त्रीच्या टोपीकडे, पाठीकडे आणि मानेकडे डोळे लावून ओरडत होतो. चित्रपट संपला तेव्हा टरफलांचा ढीग झाला होता. तेवढ्यात काकांनी शांतपणे विचारले, “ते ठीक आहे, पण ती दुसरी मुलगी कोण होती?”

कोणालाच सांगता आले नाही. आमचा जन्म फायली धुंडाळण्यात चाललेला. तेव्हा हे शोधून काढण्याचे काम ओघानेच आमच्याकडे आले. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम चित्रपटाची पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. साराटोगा स्प्रिंग्ज हे न्यूयॉर्क राज्यातील खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. अमेरिकेचे यादवी युद्ध ऐन भरात असताना, गेटिसबर्गच्या रणसंग्रामानंतर महिनाभराने, ऑगस्ट १८६३ मध्ये जॉन मॉरिसी नावाच्या एका माजी मुष्टियोद्ध्याने तेथे घोड्यांच्या शर्यती सुरू केल्या. पुढल्याच वर्षी ट्रॅव्हर्स स्टेक्स ही नामांकित शर्यत सुरू झाली. या मैदानाची एक ख्याती अशी की, येथे भल्याभल्यांचे गर्वहरण होते. ‘मॅन ओ वॉर’ हा अमेरिकेच्या इतिहासातील बहुधा सर्वांत कीर्तिमान घोडा. तो एकवीस शर्यती धावला आणि वीस जिंकला. जी एक हरला ती १९१९ साली याच मैदानावर, ‘अपसेट’ नावाच्या घोड्याकडून. १९३० मध्ये ‘गॅलंट फॉक्स’ या सर्वांच्या लाडक्या घोड्याला ‘जिम डँडी’ नामक घोड्याने येथेच धूळ चारली. जिम डँडीचा भाव होता एकास शंभर. अशा जागी नावावर विसंबून पैसे लावणारा माणूस केव्हा रस्त्यावर येईल याचा नेम नसे.

जुगारावर अमेरिकन समाजाची दृष्टी नेहमीच दुटप्पी राहिली. १९०८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने पैजांवर बंदी घातली आणि १९११ व १९१२ ही दोन वर्षे तर त्या राज्यात शर्यतीच झाल्या नाहीत. पुढे १९२९ नंतरची महामंदी आली. सरकारी तिजोऱ्या रिकाम्या झाल्या तेव्हा ज्याला पाप म्हटले होते त्यावरच कर बसविण्याची बुद्धी राज्याराज्यांना झाली. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने शर्यतीवरील पैजा कायदेशीर केल्या आणि १९३४ च्या नाताळात सांता अनिता हे मोठे मैदान उघडले. न्यूयॉर्कने १९३४ मध्ये बुकींना मैदानावर उजळ माथ्याने धंदा करू दिला. पण १९३९ च्या घटनादुरुस्तीनंतर १९४० पासून त्यांच्या जागी यंत्रे आली. या यंत्रांच्या पद्धतीत लावलेले सारे पैसे एकत्र होतात, सरकारचा व मैदानाचा हिस्सा वजा जातो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. बुकी मात्र स्वतः भाव ठरवतो आणि स्वतःच्या खिशातून फेड करतो. म्हणजे तो माणसाशी माणसाप्रमाणे पैज घेतो. ‘साराटोगा’चा नायक ड्यूक ब्रॅडली हा असा बुकी आहे. चित्रपट पडद्यावर आला त्यानंतर तीनच वर्षांत त्याचा धंदा त्या मैदानांवरून उठला. नकळत का होईना, एका जाणाऱ्या व्यवसायाची नोंद या चित्रपटात राहून गेली आहे.

कथानक तसे साधे आहे. घोड्यांची पैदास करणाऱ्या एका जुन्या घराण्यातील क्लेटन नावाचा गृहस्थ पैजेच्या नादाने कर्जात बुडतो आणि आपल्या वाडवडिलांच्या पागेचे खरेदीखत ड्यूकच्या स्वाधीन करतो. शर्यतीच्या मैदानावरच त्याला मृत्यू येतो. त्याची मुलगी कॅरोल विलायतेहून परतते ती एका धनाढ्य गृहस्थाशी वाङ्‌निश्चय करूनच. बापाचे ऋण फेडून पागा सोडवावी, आणि तेही कोणाची मेहेरबानी न घेता, हा तिचा हट्ट. ड्यूकला त्या धनाढ्याच्या पैशाशी काम. पण पैशाच्या मागे धावता धावता तो मुलीच्याच प्रेमात पडतो. नायक क्लार्क गेबल, आजोबांच्या भूमिकेत लायनेल बॅरीमोर, श्रीमंत वराच्या भूमिकेत वॉल्टर पिजन. शिवाय घोडा जवळ आला की शिंकांनी बेजार होणारा एक व्यापारी फ्रँक मॉर्गनने रंगविला आहे. कॅरोलच्या दासीच्या भूमिकेत हॅटी मॅकडॅनियल आहेत. पुढे ‘गॉन विथ द विंड’मधील कामासाठी १९४० च्या समारंभात ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत ठरल्या. कथा लिहिण्यात अनिता लूस या गाजलेल्या लेखिकेचा हात होता, दिग्दर्शन जॅक कॉन्वे यांचे आणि निर्मिती मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीची. मुंबईच्या वाचकांना ही कंपनी परकी नाही. धोबीतलावाचे मेट्रो चित्रपटगृह हिनेच बांधले आणि १९३८ मध्ये उघडले.

कॅरोलची भूमिका जीन हार्लोची होती. या नावाचीही एक गंमत आहे. मुलीचे जन्मनाव हार्लीन कार्पेंटर; जन्म ३ मार्च १९११, मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे. जीन हार्लो हे तिच्या आईचे माहेरचे नाव. नटी होण्याची हौस आईला होती, ती पुरी झाली नाही. मुलीने ते नाव घेतले आणि जगप्रसिद्ध केले. इतकेच नव्हे, तर तिचा भाग्योदयही दुसऱ्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर झाला. हॉवर्ड ह्यूजचा ‘हेल्स एंजल्स’ हा विमानयुद्धाचा चित्रपट मूकपट म्हणून सुरू झाला होता आणि त्यात ग्रेटा निसन ही नॉर्वेची अभिनेत्री नायिका होती. मध्येच बोलपटाचे युग अवतरले. निसनचे उच्चार परदेशी; ते भूमिकेला शोभेनात. तिला काढून हार्लोला घेण्यात आले. चित्रपट १९३० मध्ये आला आणि रुपेरी केसांची एकोणीस वर्षांची ही मुलगी एका रात्रीत प्रख्यात झाली. म्हणजे जिच्या जागी पुढे दुसरी उभी राहिली ती स्वतःच एका दुसरीच्या जागी उभी राहून मोठी झाली होती. आम्ही सरकारी नोकर अशा घटनेला नियतीचा खेळ म्हणत नाही. रिक्त पदावरील नेमणूक म्हणतो.

पुढील सात वर्षे तिने अविश्रांत काम केले. क्लार्क गेबलबरोबर तिचे ‘साराटोगा’ धरून सहा चित्रपट झाले. पडद्यावर ती उच्छृंखल स्त्री म्हणून गाजली. परंतु हसविण्यातले तिचे कसब खरे असामान्य होते, आणि ‘साराटोगा’तही तेच अधिक सुखवून जाते. प्रकृती मात्र तिला साथ देत नव्हती. किशोरवयात तिला लोहितांग ज्वर झाला होता. त्यातूनच मूत्रपिंडे निकामी होत गेली असावीत, असे तिच्या चरित्रकारांचे मत आहे. १९३७ च्या वसंतात अक्कलदाढांची शस्त्रक्रिया झाली आणि तिला बरेच दिवस रुग्णालयात राहावे लागले. त्यामुळे ‘साराटोगा’चे चित्रीकरण लांबले. २९ मे रोजी वॉल्टर पिजनसमवेत एक दृश्य चालू असताना तिला उभे राहवेना. ती घरी गेली, ती पुन्हा कॅमेऱ्यापुढे आली नाही. आधी दुखणे पित्ताशयाचे समजले गेले. खरे निदान झाले तेव्हा उशीर झाला होता. ७ जून १९३७ रोजी लॉस एंजल्स येथील रुग्णालयात तिचा अंत झाला. वय सव्वीस वर्षे.

तिच्या आईने धर्मश्रद्धेपायी वैद्यकीय उपचार नाकारले, अशी एक वदंता पुढे कैक वर्षे चालली. नंतरच्या संशोधनाने ती खोटी ठरविली आहे. डॉक्टर आणि परिचारिका तिच्याजवळ होत्या. कठोर सत्य असे की, निदान वेळीच झाले असते तरीही तिला वाचविण्याचे साधन त्या काळी नव्हते. कृत्रिम मूत्रपिंड हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये प्रथम वापरले आणि त्यायोगे पहिला रोगी वाचला तो १९४५ मध्ये. मूत्रपिंडाचे यशस्वी आरोपण तर बोस्टन येथे १९५४ मध्ये झाले. कोणाच्या तरी माथी दोष मारल्यावाचून लोकांना अकाली मृत्यू सोसवत नाही, हेच त्या वदंतेचे मूळ असावे.

आता कंपनीपुढे प्रश्न आला. चित्रपटाचे सुमारे नऊ-दशांश काम झाले होते. ते गुंडाळून ठेवावे, की दुसरी अभिनेत्री घेऊन सारे नव्याने चित्रित करावे? हा दुसरा विचार गंभीरपणे चालू होता. परंतु हार्लोच्या चाहत्यांची पत्रे येऊ लागली. आम्हांला तिचे अखेरचे काम पाहावयाचे आहे, असा त्यांचा आशय होता. कंपनीने मानले. यात भक्ती किती आणि व्यापार किती, याचा हिशेब कोणी मांडावा? उरलेली दृश्ये पुन्हा लिहिण्यात आली. कॅरोलचे काही संवाद इतर पात्रांच्या तोंडी घालण्यात आले. जेथे तिच्यावाचून चालणारच नव्हते तेथे मेरी डीस या अभिनेत्रीला उभे करण्यात आले. तिचा चेहरा दिसू नये म्हणून रुंद काठाची टोपी, डोळ्यांना लावलेली दुर्बीण, पाठमोरी चाल, दुरून घेतलेली चित्रे, असे उपाय योजले गेले. शर्यतीच्या मैदानावर टोपी आणि दुर्बीण यांना तोटा नाही, हे त्या चित्रपटाचे नशीब! आवाज दिला पॉला विन्स्लो या दुसऱ्याच स्त्रीने. अशा प्रकारे एक देह आणि एक कंठ मिळून तिसरी स्त्री पुरी झाली. २३ जुलैला, म्हणजे मृत्यूनंतर अवघ्या सेहेचाळीस दिवसांनी, ‘साराटोगा’ प्रदर्शित झाला आणि त्या वर्षीच्या मोठ्या यशस्वी चित्रपटांत गणला गेला. नामावलीत गेबल आणि हार्लो यांची नावे ठळक होती. मेरी डीस आणि पॉला विन्स्लो यांची नावे कोठेच नव्हती.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे मिळाले. पण उत्तर मिळताच मनात दुसरा प्रश्न उभा राहिला. हे जे केले गेले ते उचित होते काय?

शर्यतीच्या जगात याला एक कसोटी आहे. एका घोड्याच्या नावाने दुसराच घोडा पळविणे हा तेथील मोठ्यांत मोठा अपराध होय. १९३१ मध्ये मेरीलँड राज्यातील हॅव्हर डी ग्रेस या मैदानावर ‘शेम’ नावाच्या सामान्य घोड्याच्या जागी ‘अकनाटन’ नावाचा चपळ घोडा रंगवून धाववला गेला. शेमच्या नावावर भाव भरमसाट होता. ज्यांना आतली गोष्ट ठाऊक होती त्यांनी चांदी केली. असल्या लबाड्यांना आळा घालण्यासाठी पुढे १९४७ पासून अमेरिकेत घोड्याच्या वरच्या ओठाच्या आतल्या बाजूस ओळखीचा क्रमांक गोंदण्याची पद्धत सुरू झाली. नाव एकाचे आणि धाव दुसऱ्याची, हे मैदानावर पाप; आणि त्याच मैदानाचे चित्र पडद्यावर आले की प्रेक्षक पत्रे पाठवून तेच मागतात! हा विरोध आम्हांला बराच काळ सुटेना.

अखेर तो सुटला तो आपल्याच इतिहासातील दोन शब्दांनी. पहिला शब्द तोतया. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मरणावर कित्येकांचा विश्वास बसेना. पुढे भाऊंचे नाव घेऊन एक मनुष्य उभा राहिला, त्याने दंगा माजविला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे ही कथा मराठी घरोघरी माहीत आहे. दुसरा शब्द मुतालिक. मराठेशाहीत मोठ्या पदाधिकाऱ्याच्या अनुपस्थितीत त्याच्या वतीने कारभार चालविणारा, त्याचा शिक्का वापरणारा जो अधिकृत मनुष्य, तो मुतालिक. दोघेही दुसऱ्याच्या नावाने वागतात. मग अंतर कोठे? अंतर इतकेच की, तोतयाला आपण कोण हे लपवावे लागते. मुतालिक कोण आहे हे सर्वांस ठाऊक असते. पैज लावणाऱ्याला घोडा बदलल्याचे कळले तर तो पैसे परत मागेल. ‘साराटोगा’च्या प्रेक्षकाला नटी बदलल्याचे ठाऊक होते, आणि ठाऊक असूनच त्याने तिकीट काढले. फसवणूक कोणाचीच झाली नाही. मेरी डीस तोतया नव्हती. ती मुतालिक होती.

एवढ्याने कंपनी फसवणुकीच्या आरोपातून सुटते. परंतु दुसऱ्या एका आरोपातून सुटत नाही. मुतालिकाची नेमणूक होत असे, दप्तरात त्याचे नाव लागे, त्याला वेतन व मान असे. या दोघींची नेमणूक झाली, काम झाले, आणि दप्तरात मात्र जागा कोरी राहिली. पॉला विन्स्लोच्या नशिबी तर हे दोनदा आले. १९४२ च्या ‘बाम्बी’ या व्यंगपटातील हरणाच्या आईचा आवाज तिचाच. ती आई मरते तेव्हा जगभरची मुले रडली. परंतु त्या चित्रपटाच्या नामावलीतही आवाज देणाऱ्यांची नावे नव्हती.

हा दोष केवळ अमेरिकेचा, असे म्हणून आपणांस मोकळे होता येणार नाही. एकाचा चेहरा आणि दुसऱ्याचा कंठ ही तर आपल्या चित्रपटाची रोजचीच रीत. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ च्या ‘धूपछाँव’पासून ती रूढ केली. १९४९ च्या ‘महल’मधील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव छापले गेले. कंठ होता लता मंगेशकरांचा. लताबाईंनी पुढे गायकांच्या नावासाठी जो आग्रह धरला त्याचे महत्त्व अशा वेळी ध्यानात येते. १९७२ च्या ‘पाकीजा’त मीनाकुमारी इतक्या आजारी होत्या की, एका नृत्यात त्यांच्या जागी पद्मा खन्ना यांना नाचावे लागले आणि त्यांचा चेहरा आच्छादनाआड ठेवावा लागला. चित्रपट फेब्रुवारीत लागला आणि मार्चच्या अखेरीस मीनाकुमारी गेल्या. पडद्यावरील ते पाय कोणाचे, हे आज जाणकारांना ठाऊक आहे. परंतु किती जणांना?

आणि आता तर काळ आणखी पुढे गेला आहे. २०१६ च्या ‘रोग वन’ या चित्रपटात पीटर कुशिंग या १९९४ मध्ये वारलेल्या नटाचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने पुन्हा उभा करण्यात आला. २०२३ मध्ये अमेरिकेतील नटांचा जो ११८ दिवसांचा संप झाला, त्यात यंत्राने बनविलेल्या प्रतिकृतींचा प्रश्न अग्रभागी होता. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने मृत कलावंतांच्या अशा प्रतिकृती त्यांच्या वारसांच्या संमतीवाचून वापरण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. मृतांच्या हक्कांची चिंता वाहणारा कायदा झाला, हे इष्टच. तरी यंत्राच्या तुलनेत १९३७ ची ती टोपी आणि दुर्बीण आम्हांला अधिक सभ्य वाटते. तिच्याखाली निदान एक जिवंत स्त्री होती. मृताच्या चेहऱ्याची नक्कल न करता, तोंड फिरवून, तिने त्याचे काम पुरे केले.

येथवर आम्ही न्यायाधीशाच्या आसनावरून बोललो. आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहणे प्राप्त आहे. सेवेच्या आरंभीची गोष्ट. ज्या कार्यालयात आमची नेमणूक झाली तेथे आमच्या खुर्चीवर आधी वऱ्हाडातील एक गृहस्थ बसत. जुन्या आदेशांची एक विषयवार सूची ते अनेक वर्षे फावल्या वेळात सिद्ध करीत होते. त्यांना अचानक हृदयविकाराने मृत्यू आला. सूची जवळजवळ झालेलीच होती. शेवटची काही प्रकरणे तेवढी राहिली होती. ती आम्ही सहा महिन्यांत पुरी केली. सूची वरिष्ठांच्या सहीने निघाली. ती फार उपयोगी ठरली, आणि त्या वर्षी आमची पाठ थोपटण्यात आली. दहांतले नऊ भाग आमचे नव्हेत, हे आम्ही त्या वेळी कोणास सांगितले नाही. कोणी विचारले नाही, हे खरे; पण विचारण्याची वाट पाहणे हीदेखील एक लबाडीच होय. ‘साराटोगा’त मृताला सारे श्रेय मिळाले आणि मागून आलेलीचे नाव बुडाले, आमच्याकडे मागून आलेल्याला श्रेय मिळाले आणि मृताचे नाव बुडाले. कसोटी तीच लावावयाची तर पडद्यावरची मेरी डीस मुतालिक ठरते आणि तोतया आम्ही ठरतो.

पुढे सूचीची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा प्रास्ताविकात त्या गृहस्थांचे नाव घालण्याची टिप्पणी आम्ही केली. ‘तसा प्रघात नाही’ असा शेरा मारून ती परत आली. शेरा मारणाऱ्याचा दोष आम्ही मानीत नाही. प्रघात खरोखरच नाही. सरकारी कागदावर पद बोलते, व्यक्ती बोलत नाही, आणि राज्यकारभारास ते आवश्यकही आहे. आम्ही एवढेच केले की, आमच्या जवळच्या प्रतीच्या पहिल्या पानावर शाईने त्यांचे पूर्ण नाव लिहिले आणि प्रारंभाचे वर्ष घातले. शेवटच्या प्रकरणांपाशी आमची आद्याक्षरे घातली. आमची बदली होईल तेव्हा ती प्रत खुर्चीबरोबर पुढल्या मनुष्याला देण्याचे ठरविले आहे. येथेही ते नाव आम्ही दिले असते. परंतु त्यांच्या घरच्यांना विचारल्यावाचून ते छापणे बरे नव्हे. अकोल्याला पत्र धाडले आहे.

गेल्या आठवड्यात काकांकडे पुन्हा तो चित्रपट लावला. या खेपेस शेंगांची पैज नव्हती. टोपीआडची पाठमोरी स्त्री पडद्यावर आली तेव्हा कोणी ओरडले नाही. काकांनी मात्र हळूच, कचेरीत हजेरी घ्यावी तसे, म्हटले, “मेरी डीस.” आणि तिने तोंड उघडताच आम्ही म्हटले, “पॉला विन्स्लो.”